राजीनामा देण्याआधीची आकडेमोड

‘नोकरी सोडू का?’ असं कुणी विचारतं तेव्हा त्या एका प्रश्नात बहुधा चार प्रश्न गुंतलेले असतात. कामाचा कंटाळा आलाय. वरिष्ठांशी पटत नाही. पैसे पुरत नाहीत. आणि जन्मभर महिनाअखेरच्या पगाराकडे डोळे लावून बसायचं नाही. पहिल्या दोन दुखण्यांवर दुसरी नोकरी हा बऱ्यापैकी उतारा आहे, त्यासाठी आयुष्य उलटंपालटं करायची गरज नसते. हा लेख उरलेल्या दोन प्रश्नांसाठी आहे. ज्यांची कमाई नुकतीच सुरू झाली आहे किंवा जे चार-पाच वर्षं नोकरी करून आता चुळबुळ करू लागले आहेत, ते वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. पगार की धोका हा धाडसाचा प्रश्न कमी आणि मापाचा जास्त आहे. एका डावात किती लावताय आणि तो डाव हरलात तर पुढचा मांडायला हाताशी काय उरेल, हे दोन आकडे ज्याला ठाऊक आहेत तो सहसा फसत नाही. ते आकडे काढायला एक मोकळी दुपार, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि नोकरीचा करार एवढं पुरे.

पायरी १ : वर्षाचा खरा खर्च काढा

गेल्या बारा महिन्यांत खात्यातून गेलेला पैसा मोजा. अंदाजावर जाऊ नका, तो नेहमी कमीच निघतो. विमा, दुरुस्ती, दवाखाना, प्रवास असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च ‘यंदाच आला’ म्हणून आपण सोडून देतो आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या नावाने हजर होतात.

हा वार्षिक खर्च मिळाला की ‘आर्थिक स्वातंत्र्य’ या मोघम शब्दाला आकडा येतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं माप म्हणजे वार्षिक खर्चाच्या २५ पट गुंतवणूक. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली एक हिशेब मांडला. १९२६ पासूनचे शेअर आणि सरकारी रोखे यांचे परतावे घेऊन त्याने पाहिलं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत नेले, तर वाईटातल्या वाईट काळात निवृत्त झालेल्याचेही पैसे ३० वर्षं पुरले असते. २५ पट हे त्या ४ टक्क्यांचंच उलटं रूप.

हा हिशेब अमेरिकेच्या इतिहासावर बेतलेला आहे आणि ३० वर्षांसाठी आहे, हे मात्र लोक सांगायचं विसरतात. चाळिशीत काम थांबवणाऱ्याला पैसे ५० वर्षं पुरवायचे असतात. त्याने ३ ते ३.५ टक्के धरलेले बरे, म्हणजे खर्चाच्या २९ ते ३३ पट.

एवढा मोठा आकडा पाहून हातपाय गाळू नका. मी त्याचे तीन टप्पे करते. सहा महिन्यांचा खर्च जमला की अडचणीत कुणापुढे हात पसरावा लागत नाही. दोन वर्षांचा जमला की नको त्या कामाला नाही म्हणता येतं. आणि २५-३० पट जमला की काम करायचं की नाही हेच तुमच्या मर्जीवर येतं. माझा अनुभव असा, की ‘मला स्वातंत्र्य हवंय’ म्हणणाऱ्यांतल्या निम्म्याअधिक लोकांना खरं तर मधला टप्पा हवा असतो.

पायरी २ : सुरक्षित वाट तुम्हाला कुठवर नेते ते पाहा

धोक्याच्या वाटेची तुलना कशाशी करायची हे माहीत नसेल तर तुलना होतच नाही. म्हणून आधी गृहीत धरा, की काहीच बदललं नाही. तीच नोकरी, तीच बचत. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा आणि २५ पटीचं लक्ष्य धरलं, तर शून्यापासून निघून किती वर्षं लागतात? उत्पन्नातले

१० टक्के वाचवले तर सुमारे ५१ वर्षं,
२५ टक्के वाचवले तर सुमारे ३२,
५० टक्के वाचवले तर सुमारे १७,
आणि ७५ टक्के वाचवले तर ७.

या गणितात पगार किती हे कुठेच आलेलं नाही. उत्पन्नाचा कितवा हिस्सा मागे पडतो यावर सगळं ठरतं. बचत वाढली की दोन बाजूंनी फायदा होतो. साठा लवकर वाढतो आणि कमी खर्चात राहायची सवय झाल्याने लक्ष्यही जवळ येतं. उलट, बढतीबरोबर खर्चही तेवढाच वाढवणारा माणूस लक्ष्य पुढे ढकलत असतो, म्हणूनच दुप्पट पगार होऊनही त्याला आपण जिथल्या तिथेच आहोत असं वाटतं.

१० टक्क्यांवरून २५ वर गेलात तर १९ वर्षं वाचतात. एवढी खात्रीची कमाई देणारा कुठलाही धंदा मला माहीत नाही. अर्थात ज्याचा पगार भाडं, औषधं आणि पोटापाण्यातच संपतो त्याला काटकसरीचे धडे देऊ नयेत. त्याचा प्रश्न उत्पन्नाचा आहे आणि त्याने घ्यायचा पहिला धोका म्हणजे नवं कौशल्य शिकून नोकरी बदलणं. हा धोका लोक मोजतच नाहीत. त्यात जायला फारसं काही नसतं, मिळायला बरंच असतं.

पायरी ३ : नोकरी खरंच किती सुरक्षित आहे?

पगारदार माणूस म्हणजे एकच गिऱ्हाईक असलेला दुकानदार. ते गिऱ्हाईक दर महिन्याला न चुकता येतं म्हणून तो निवांत असतो, पण ते गेलं की त्याच दिवशी दुकान बंद.

एन्रॉनचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. डिसेंबर २००१ मध्ये या अमेरिकन ऊर्जा कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा हजारोंची नोकरी गेली. पण त्याहून वाईट म्हणजे कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीखात्यांतली निम्म्याहून जास्त रक्कम त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होती. पगार आणि म्हातारपणाची पुंजी एकाच फांदीला टांगलेली होती आणि फांदीच मोडली. तुमच्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील तर ते एकूण बचतीच्या किती टक्के आहेत हे आजच बघा. दहाच्या वर असतील तर मी हळूहळू विकून दुसरीकडे वळवीन.

नोकरीच्या सुरक्षिततेत दोन गोष्टी येतात. पुढच्या महिन्याचा पगार येईल का, ही झाली पहिली, आणि ही नोकरी गेली तर तीन महिन्यांत तशीच दुसरी मिळेल का, ही दुसरी. वीस वर्षं एकाच ठिकाणी, एकाच जुन्या प्रणालीवर काम केलेल्या माणसाकडे पहिली भरपूर असते आणि दुसरी जवळजवळ नसते. दुसरी तपासायचा सोपा मार्ग म्हणजे वर्षातून एकदा, नोकरी बदलायची नसली तरी, कुठेतरी मुलाखत देऊन यायची. बाजारात आपली किंमत काय आहे ते कळतं. कधीकधी चार दिवस झोप लागत नाही, पण ते बरंच.

पायरी ४ : ‘धोका’ या एकाच शब्दात काय काय कोंबलंय?

स्वतःचा सल्ला-व्यवसाय, भांडवल घालून काढलेला कारखाना, नव्या कंपनीत कमी पगार आणि जास्त शेअर घेऊन जाणं, लेखन-संगीत-व्हिडिओ, कर्ज काढून घेतलेली मालमत्ता, शेअर बाजारात रोजची खरेदी-विक्री. या सगळ्याला आपण सरसकट ‘रिस्क’ म्हणतो. त्या एकमेकींच्या दूरच्या नातेवाईकही नाहीत. तुमच्या डोक्यात जी वाट आहे तिला चार प्रश्न विचारा. जास्तीत जास्त किती बुडेल? चुकलं तर ते किती दिवसांत कळेल? असे किती प्रयत्न करता येतील? आणि सरावाने हात बसतो, की वीस वर्षांनीही नशीबच ठरवतं?

सल्ला-व्यवसाय किंवा फ्रीलान्सिंग या कसोटीवर बरंच चांगलं उतरतं. भांडवल थोडं लागतं, सहा महिन्यांत अंदाज येतो आणि दर कामागणिक शिकायला मिळतं. फक्त त्यात डोंगराएवढा पैसा सहसा मिळत नाही, कारण शेवटी तासच विकायचे असतात. कारखान्यात उलट. पैसा आधी जातो, उत्तर दोन-तीन वर्षांनी मिळतं.

आणि रोजचं ट्रेडिंग? इथे मी आडपडदा ठेवणार नाही. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडियन यांनी अमेरिकेतल्या एका दलाली पेढीच्या ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ दरम्यानचे व्यवहार तपासले. सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले होते. म्हणजे नुसतं झोपून राहिलेला माणूस जास्त कमवून गेला. ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान फ्युचर्समध्ये (म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत) डे-ट्रेडिंग सुरू करणाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. त्यातले जे ३०० हून जास्त दिवस टिकले, त्यांच्यापैकी ९७ टक्क्यांनी पैसे घालवले. ही आर्थिक स्वातंत्र्याची वाट म्हणून विकली जाते खरी, पण विकणाऱ्याचं उत्पन्न बहुधा क्लासच्या फीमधून येत असतं. माझ्या यादीतून मी ती केव्हाच खोडली आहे.

धंद्याबद्दलचे आकडे एवढे निराशाजनक नाहीत, पण गुलाबीही नाहीत. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार नव्या व्यवसायांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. (बंद होणारा प्रत्येक धंदा बुडालेलाच असतो असं नाही. काही विकले जातात, काहींचा मालक दुसऱ्या कामाला लागतो.) मला जास्त विचार करायला लावणारा आकडा बार्टन हॅमिल्टन यांच्या २००० सालच्या अभ्यासातला आहे. दहा वर्षं व्यवसायात टिकलेला मधला माणूस, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे असतात तो, नोकरीत राहिला असता तर मिळालं असतं त्यापेक्षा ३५ टक्के कमी कमवत होता. बुडालेला नव्हे, टिकलेला.

मग सरासरी उत्पन्न चांगलं कसं दिसतं? कारण वरचे मोजके लोक इतकं कमावतात, की सगळ्यांची सरासरी ते एकटेच वर ओढतात. मुलाखती त्यांच्याच होतात, भाषणं त्यांचीच ठेवतात. म्हणून एखाद्या वाटेची चौकशी करताना ‘यात सगळ्यात यशस्वी कोण?’ असं विचारू नका. ‘पाच वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर ज्यांनी सुरुवात केली ते आता काय करतात?’ असं विचारा. उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो त्यावरूनही बरंच कळतं.

पायरी ५ : डावाचं माप ठरवा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

एक नाणं घ्या, असं की ते १०० पैकी ६० वेळा तुमच्या बाजूने पडतं. जिंकलात तर लावलेल्या रकमेएवढी भर, हरलात तर लावलेली रक्कम गेली. असा अनुकूल डाव आयुष्यात क्वचित मिळतो. आता दर वेळी हातातलं सगळं लावलं, तर सलग दहा डाव जिंकून उभा राहणारा माणूस हजारात सहा सापडेल. बाकीचे ९९४ खंक. नाणं त्यांच्याच बाजूचं होतं, तरीही.

मग किती लावायचं? बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ साली याचं सूत्र मांडलं. या नाण्यासाठी उत्तर येतं : दर वेळी हातातल्या रकमेच्या २० टक्के. त्याने पैसा दीर्घकाळात सगळ्यात वेगाने वाढतो. गंमत पुढे आहे. २० च्या जागी ४० टक्के लावले, तर अनुकूल नाणं असूनही पैसा वाढायचा थांबतो, हळूहळू आटायलाच लागतो. डाव चांगला होता, माप चुकलं.

खऱ्या आयुष्यात नाण्याचा कल किती हे कुणालाच नक्की माहीत नसतं. आपण ६० समजतो, ते ५० निघतं. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच हा भेद केला होता : ज्याची शक्यता मोजता येते तो धोका, आणि जिची शक्यताच ठाऊक नाही ती अनिश्चितता. नवा धंदा दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून सूत्र सांगेल त्याच्याही निम्मं लावावं, असं शहाणे जुगारी म्हणतात, आणि इथे त्यांचं ऐकायला हरकत नाही.

आता तुमच्या बेतात ‘लावलेलं’ काय काय आहे त्याची यादी करा. पैसे दिसतात. वर्षं दिसत नाहीत. तब्येत, जोडीदाराचा धीर, ज्या मित्राकडून उसने घेतले त्याच्याशी असलेलं नातं, हेही पणाला लागलेलं असतं. यातलं काय परत मिळवता येतं आणि काय नाही, यावर खुणा करा. दोन वर्षांची बचत गेली तर पाच वर्षांत भरून निघते. राहतं घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचं तसं नसतं.

वैयक्तिक हमीबद्दल, म्हणजे ‘कंपनीने फेडलं नाही तर मी फेडीन’ या लेखी वचनाबद्दल, मुद्दाम वेगळं सांगते, कारण नवखे लोक इथेच फसतात. कंपनी मर्यादित जबाबदारीची असली की बुडालं तर कंपनीचं बुडेल, आपलं नाही, असं त्यांना वाटतं. मग कर्ज देणारा कागदांच्या गठ्ठ्यात हमीपत्र सरकवतो, आणि त्यावर सही झाली की ती भिंत पडलीच. उद्या पुन्हा नोकरीला लागून पगारातून जी रक्कम तीन वर्षांत फेडता येईल, तिच्यापुढे हमीची सही करायची नाही, असा माझा नियम आहे.

पायरी ६ : उडी मारायच्या आधी पाण्यात पाय घालून बघा

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण हातचं धरून ठेवून पळत्याचा माग काढता येतो, हे कुणी सांगत नाही. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू केलेले आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेले लोक, थेट राजीनामा देऊन उतरलेल्यांपेक्षा अपयशी ठरण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी दिसली. यातला काही वाटा मुळातच सावध असण्याचा असेल. तरी नोकरी सांभाळणं म्हणजे अर्ध्या मनाने काम करणं, या समजाला त्याने चांगलाच तडा जातो.

फिल नाइट यांनी १९६४ साली बुटांचा व्यवसाय सुरू केला आणि १९६९ पर्यंत हिशेबनीस म्हणून, नंतर लेखाशास्त्र शिकवून ते घर चालवत राहिले. तोच व्यवसाय पुढे नाइकी झाला. स्टीव्ह वॉझनियॅक १९७६ मध्ये ॲपलची स्थापना झाल्यावरही काही महिने ह्यूलेट-पॅकार्डच्या नोकरीत होते. त्यांनी आपला संगणक आधी त्या मालकांनाच दाखवला होता. त्यांना तो नको होता.

ते मालकांना दाखवणं नुसतं सौजन्य नव्हतं. तुमच्या करारात बाहेरचं काम करायला परवानगी आहे का, आणि नोकरीत असताना तुम्ही बनवलेल्या गोष्टीची मालकी कुणाची, ही दोन कलमं शोधा. अनेक करारांत ती मालकी कंपनीची असते, कधीकधी सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचीही. कलम अडचणीचं असेल तर लेखी परवानगी मागा किंवा वकिलाला दाखवा. आणि कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, कंपनीचे ग्राहक यांना हात लावायचा नाही. यात सवलत नाही.

मग आठवड्याचे सहा ते आठ तास ठरवून बाजूला काढा. नाव, लोगो, व्हिजिटिंग कार्ड यांत ते घालवू नका. पहिलं लक्ष्य एकच : तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाकडून पैसे मिळणं. मित्र पैसे देतात ते मैत्रीखातर. परक्याने दिलेले पैसे म्हणजे पहिला खरा पुरावा. दुसरा पुरावा म्हणजे तोच परका पुन्हा येणं.

इथे माझीच गोष्ट सांगायला हवी. पहिल्यांदा नोकरी सोडली तेव्हा माझ्याकडे चार महिन्यांचा खर्च आणि ‘काम नक्की देतो’ म्हणणारे तीन जण होते. तिघेही सज्जन. एकाचं बजेट रद्द झालं, दुसऱ्याची बदली झाली, तिसऱ्याने पाचव्या महिन्यात छोटं काम दिलं आणि त्याचे पैसे आठव्या महिन्यात. सहाव्या महिन्यात मी पुन्हा नोकरीला लागले होते, आधीपेक्षा कमी पगारावर. दुसऱ्या खेपेला सव्वा वर्ष संध्याकाळी काम केलं आणि दोन ग्राहक नियमित झाल्यावरच सोडली. धाडस दोन्ही वेळी तेवढंच लागलं.

ही वाट सगळ्यांना जमणारी नाही. सरकारी सेवेतल्यांना बहुधा बाहेरचं काम करता येत नाही. काही धंद्यांना दिवसभर हजेरी लागते. आणि दोन कामं ओढताना झोप जाते. वर्ष-दीड वर्षाच्या वर ताणू नका.

पायरी ७ : किती महिने तग धरता येईल?

सूत्र सोपं आहे. बाजूला ठेवलेली रक्कम भागिले, महिन्याचा खर्च वजा खात्रीचं उत्पन्न. समजा १८ महिन्यांचा खर्च साठलाय आणि जोडकामातून खर्चाचा एक तृतीयांश भाग नियमित निघतो. मग १८ चे २७ महिने होतात. म्हणून राजीनाम्याआधी थोडं का होईना नियमित उत्पन्न उभं करणं, हे इथे आणखी नऊ महिन्यांचा खर्च साठवण्याच्या तोडीचं आहे.

घराचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यांत ठेवा. सहा महिन्यांची गंगाजळी या हिशेबात धरूच नका. ती आजारपणासाठी.

पगाराच्या पावतीत लपलेल्या गोष्टीही खर्चात मिळवा : आरोग्य विमा, निवृत्तीसाठी मालकाचा वाटा, भरपगारी रजा, यंत्रसामग्री. शिवाय स्वतंत्र काम करणाऱ्याचे सगळे दिवस विकले जात नाहीत. ग्राहक शोधणं, पैशांसाठी तगादा लावणं, हिशेब ठेवणं यांत माझे दहातले चार दिवस जातात. पगाराला महिन्याच्या दिवसांनी भागून आपला दर ठरवणारा नवखा म्हणूनच वर्षभरात मेटाकुटीला येतो. विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावाने काढा. कर्ज घ्यायचंच असेल तर तेही तेव्हाच सोपं पडतं, कारण बँकांना पगाराची पावती आवडते. पण ते धंद्यासाठी घेऊ नका.

पायरी ८ : थांबायची तारीख आधीच लिहा

डॅनियल काहनमन आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिलं, की फायद्यात असलेला माणूस धोका टाळतो आणि तोट्यात गेलेला माणूस बरोबरी साधण्यासाठी जास्तच धोका पत्करतो. म्हणजे थांबायचं की नाही हा निर्णय आपण नेमका अशा वेळी घेतो, जेव्हा तो घ्यायला आपण सगळ्यात नालायक असतो. म्हणून डोकं थंड असताना तीन ओळी लिहा. अमुक तारखेपर्यंत अमुक इतकं मासिक उत्पन्न आलं नाही तर. खात्यात अमुक रक्कम उरली तर. तब्येतीचं किंवा घरचं अमुक झालं तर. यातलं काहीही घडलं की दुसऱ्या दिवसापासून नोकरी शोधायची. कागद जोडीदाराकडे किंवा परखड मित्राकडे द्या. तुमच्या बाजूने लगेच हळहळणारा मित्र नको.

परतीची वाट सोडतानाच बांधायची असते. नोटिशीचा काळ पूर्ण करा, काम नीट सोपवा, शेवटच्या दिवशी मनातलं सगळं सुनावण्याचा मोह आवरा. बिनपगारी दीर्घ रजा मिळते का, हे विचारायला बहुतेकांना सुचतच नाही.

पायरी ९ : घरात बोला, वयाची धास्ती सोडा

घरात बोलताना स्वप्न सांगू नका, आकडे सांगा. किती महिने पुरतील, वाईटात वाईट काय होईल, कोणत्या तारखेला थांबणार. मागच्या पायरीचा कागद समोर ठेवला की अर्धी भीती कमी होते. तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचं मत इथे सल्ल्याच्या पुढचं असतं. पणाला त्यांचंही लागतंय.

आणि ‘आता नाही तर कधीच नाही’ हे बहुतांशी खोटं आहे. पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. दर हजारात सगळ्यात वेगाने वाढलेली जी एक कंपनी, अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. विशीत जबाबदाऱ्या कमी असतात हे खरं. पण चाळिशीत ओळखी, अनुभव आणि साठा, तिन्ही असतात.

पायरी १० : तरीही ठरत नसेल तर

सगळे आकडे मांडूनही तराजू मधोमध राहतो, असं होतं. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी अशाच अडकलेल्या लोकांकडून नाणेफेक करवली. २० हजारांहून जास्त नाणी उडाली. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या निर्णयांत ज्यांना नाण्याने ‘बदल कर’ सांगितलं, ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी असल्याचं आढळलं. ते लोक स्वतःहून आले होते आणि समाधानही त्यांनीच नोंदवलं होतं, तेव्हा यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. माझ्या मते निष्कर्ष एवढाच, की पारडी खरोखर समान असतील तर आपण नेहमीच्या सवयीने राहण्याकडे झुकतो, हे ध्यानात ठेवावं. पारडी समान नसताना, म्हणजे पायरी ५ मधली हमीची सही किंवा पायरी ७ मधले तुटपुंजे महिने समोर दिसत असताना, नाणं खिशातच राहू द्या.

राहायचं ठरलं तर तोही निर्णयच, आणि त्याचंही काम असतं. पगार जमा होतो त्याच दिवशी बचतीची रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. पुढच्या वाढीतला किमान अर्धा हिस्सा खर्चात येण्याआधीच तिकडे लावा. वर्षातली एक मुलाखत कॅलेंडरवर टाका. आणि बरोबर वर्षाने ही आकडेमोड पुन्हा काढा. नवा खर्च तेवढा भरायचा, बाकी अर्ध्या तासाचं काम आहे.